लहान स्पोर्ट्स कारचा सीट बेल्ट अडकतो, ढिला राहतो, परत जात नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

दोन माणसांच्या बुटक्या स्पोर्ट्स कारमध्ये सीट बेल्टची तक्रार ठरलेली असते. पट्टा ओढला तर येत नाही, आला तर परत जात नाही, आणि गेलाच तर अर्ध्यावर थांबून दारात सापडतो. तोवर मालकाने मनाशी ठरवून टाकलेलं असतं की रीळ, म्हणजे पट्टा गुंडाळून घेणारी चकरी, गेलं. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा गाड्यांत रीळ खरोखर गेलेलं क्वचितच निघालं. मळ, पीळ, ओल आणि चुकलेला कोन, बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी असतं. पण रीळ खरंच गेलं असेल तर मात्र त्याला दुरुस्ती नाही, अख्खा संच बदलायचा. म्हणून आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी सांगतो, मग पाना हातात घ्यायच्या, आणि ज्यांना आपण हातच लावायचा नाही त्या जिथल्या तिथे.

मोठ्या गाडीपेक्षा इथे हा त्रास जास्त होतो, त्याला कारण आहे. दारं दोनच, म्हणून लांब. सीट जवळजवळ मागच्या भिंतीला टेकलेली. पट्टा खांद्याच्या बराच मागून तिरका येतो आणि वाटेत सीटच्या कडेला किंवा खांद्याजवळच्या ज्या प्लॅस्टिकच्या कडीतून तो ओवलेला असतो तिला घासत राहतो. रीळ सीटमागच्या खोबणीत असतं, नाहीतर माझदा एमएक्स-5 सारख्या गाडीत असतं तसं सीटमागच्या उभ्या मनोऱ्यात. टप कापडी असेल तर ऊन, धूळ आणि पावसाचं पाणी सगळं तिथवर पोचतं.

लक्षणं

आधी आपली तक्रार नेमकी कुठली ते ठरवा. 'बेल्ट खराब आहे' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- पट्टा परत जातो, पण रेंगाळत. हाताने सारावा लागतो. बहुधा खांद्याजवळच्या कडीत मळ, किंवा पट्टाच मळून ताठ झालाय.
- पट्टा थोडा बाहेर येतो आणि खट्कन अडतो. परत सोडला तरच पुढे येतो. कोन, उतार किंवा कुलूप लावणारा गोळा अडकलेला.
- एकदा पूर्ण ओढल्यावर पट्टा फक्त आत जातो, बाहेर येतच नाही, आणि आत जाताना टकटक आवाज येतो. हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच.
- जीभ, म्हणजे बकलमध्ये जाणारी धातूची पट्टी, घसरून खाली जमिनीपाशी जाते. पट्ट्यावरचं प्लॅस्टिकचं छोटं बटण तुटलंय.
- जीभ बकलमध्ये बसत नाही, किंवा बसते पण बेल्ट लावा सांगणारा दिवा जात नाही. बकलमध्ये कचरा किंवा सीटखालच्या वायरीचा प्रश्न.
- पट्ट्याला कुबट वास, रिळाच्या तोंडाशी तांबूस डाग. पाणी आत येतंय.
- एअरबॅगचा दिवा पेटलेला. इथे पुढचं काहीही करू नका. ते काम आपलं नाही.

रीळ अडतं कशामुळे

एवढं समजलं की निम्मी शोधाशोध वाचते. रिळाच्या एका बाजूला गुंडाळलेली स्प्रिंग असते, ती पट्टा आत ओढते. दुसऱ्या बाजूला कुलूप लावणारी यंत्रणा. तिला दोन गोष्टी चालवतात. एक म्हणजे वाटीत बसलेला छोटा धातूचा गोळा किंवा लंबक: गाडीने जोरात ब्रेक खाल्ला किंवा गाडी खूप कलली की तो सरकतो आणि दातेरी चाकात खिटी अडकवतो. दुसरी गोष्ट पट्टा किती झटक्याने बाहेर येतोय ती. संयुक्त राष्ट्रांच्या आर16 नियमानुसार नेहमीच्या कारचं रीळ 12 अंशांपर्यंत कललं तर अडायला नको, आणि 27 अंशांपलीकडे कललं की अडायलाच हवं. हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागतील.

जुन्या काही रिळांत फक्त गोळाच असतो, झटक्याची सोय नसते. अशा गाडीत पट्टा हिसकून पाहिला आणि तो अडला नाही म्हणून रीळ बाद ठरवू नका.

पहिली तपासणी: गाडी सपाट जागी आणा

गाडी तीव्र चढावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवून उभी असेल तर गोळा आधीच सरकलेला असू शकतो. सपाट जागी आणून पट्टा हळू, एका लयीत ओढा. मोकळा आला तर विषय संपला. काही गाड्यांत उभ्या चढाच्या तोंडाशी थांबलं की पट्टा येत नाही. ते रीळ चोख काम करतंय.

पट्टा पूर्ण घट्ट अडकला असेल, इकडे ना तिकडे, तर एकदा दोन्ही हातांनी जोरात ओढून सोडून द्या. रिळावरचा सैल वेढा आवळला जातो आणि बोटभर पट्टा आत सरकतो. तेवढं आत गेलं की खिटी सुटते. मग हळू ओढा. अधीर माणूस पट्टा सारखा हिसके देऊन ओढत राहतो, आणि प्रत्येक हिसक्याला रीळ नव्याने कुलूप लावतं.

दुसरी: लहान मुलांच्या सीटची सोय चालू झालीय का

अनेक गाड्यांत शेजारच्या सीटचा पट्टा शेवटच्या इंचापर्यंत ओढला की रीळ वेगळ्या पद्धतीत जातं. मग पट्टा टकटक करत फक्त आत जातो, बाहेर येत नाही. मुलांची सीट घट्ट बांधता यावी म्हणून ही सोय. बुटक्या गाडीत चढताना, किंवा सीटमागचं सामान काढताना, पट्टा नकळत पूर्ण ओढला जातो आणि मालकाला वाटतं रीळ जाम झालं. उपाय एवढाच: बकल सोडा, पट्टा संपूर्ण आत जाऊ द्या, आवाज थांबला की पुन्हा ओढा. या एका गोष्टीसाठी लोकांनी नवीन रीळ मागवलेली मी पाहिली आहेत.

तिसरी: पीळ आणि अडकलेली जागा

पट्टा कडीपासून खालच्या बोल्टपर्यंत बोटांनी चाचपत जा. कडीत पट्टा दुमडला असेल तर तो एका बाजूला गोळा होतो आणि रीळ बिचारं ओढून ओढून थकतं. सीट पूर्ण पुढे घेऊन पाठ पाडा. पट्ट्याचं खालचं टोक सीटच्या रुळात किंवा पाठीच्या सांध्यात चिमटलेलं सापडेल. दाराचा उंबरा आणि सीट यांच्यामधली फट इतकी अरुंद असते की तिथे गेलेली जीभ वर येत नाही.

पीळ सोडवायला काही उघडावं लागत नाही. जिभेच्या वर वीतभर अंतरावर पट्ट्याला तिरकी घडी घाला, ती घडी जिभेच्या फटीतून सरकवून जीभ पलीकडे घ्या. पीळ उलगडतो. पहिल्यांदा चुकीच्या दिशेने घडी पडते आणि एकाचे दोन पीळ होतात. मग उलट करायचं.

जीभ घसरत असेल तर पट्ट्यावरचं थांबवणारं बटण नवं बसवता येतं, दोन तुकड्यांचं प्लॅस्टिक येतं. ते मूळ भोकातच बसवा. नवीन भोक पाडायचं नाही, सुईचंसुद्धा नाही.

चौथी: खांद्याजवळची कडी

सगळ्यात जास्त पट्टे इथेच बरे होतात, म्हणून इथे जरा सावकाश.

घाम, त्वचेचं तेल, ऊन लागू नये म्हणून चोळलेलं क्रीम आणि रस्त्यावरची धूळ पट्ट्यावरून कडीत उतरते आणि तिथे काळपट, मेणासारखा थर बसतो. पट्टा त्यावरून सरकत नाही, चिकटत जातो. उघड्या टपाच्या गाडीत हे लवकर होतं. थर डोळ्यांना दिसतोच असं नाही. कडीच्या आतल्या कडेवरून नख फिरवा, नखाखाली काळं येईल.

दोष कडीचा की रिळाचा, ते ओळखायची युक्ती अशी. पट्टा अर्धा बाहेर काढा. एका हाताने कडी आणि रीळ यांच्यामधला भाग धरून कडीवरचा भार काढा, म्हणजे पट्टा कडीला न घासता रिळाकडे सरळ जाईल, आणि सोडा. आता तो झपकन आत गेला तर रीळ धडधाकट आहे आणि गुन्हेगार कडी. तरीही मरगळल्यासारखाच गेला तर स्प्रिंग थकलीय किंवा रीळ आतून घासतंय. मधला भाग प्लॅस्टिकच्या आवरणामागे झाकलेला असेल तर पट्टा कडीच्या तोंडाशी मधोमध, सरळ धरून हळू आत जाऊ द्या. फरक हाताला कळतो.

साफ करताना पट्टा पूर्ण बाहेर काढून रिळाच्या तोंडाशी जाड कापड मध्ये घालून चिमटा लावा, नाहीतर हात सुटला की ओला पट्टा आत. सुती कापडाची चिंधी स्पिरिटमध्ये भिजवा, कडीच्या फटीतून ओवा आणि दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढा. चिंधी काळी होईल. ती पांढरी निघेपर्यंत नवीन घेत राहा. स्पिरिट उडून गेल्यावरच पट्टा लावा. ब्लेड, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांतलं काही कडीला लावू नका; ओरखड्याची धार नंतर पट्ट्याची कड कातरत बसते. कडीला गुळगुळीत टेप चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. टेपची कड उन्हाने सुटते, गोळा होते आणि पट्टा अडतो तो नेमका नको त्या वेळी.

पाचवी: पट्टा धुणं

कडी साफ करूनही पट्टा रेंगाळत असेल तर पट्टाच मळलाय. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. ब्रश पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने चालवा, आडवा नको. स्वच्छ ओल्या फडक्याने साबण पूर्ण काढा, कोरड्या फडक्याने टिपा आणि सावलीत, चिमटा तसाच ठेवून, रात्रभर वाळू द्या. ओला पट्टा आत गेला की बुरशी पट्ट्याला आणि गंज रिळाला.

ब्लीच, पेट्रोल, थिनर, कपड्यांचा रंग, काहीही नाही. फिका पट्टा पुन्हा काळा करायची हौस बऱ्याच जणांना असते. रंगातल्या रसायनांनी धागा कमकुवत झाला तर तो बाहेरून दिसत नाही. सिलिकॉनचा फवाराही नको. पट्टा सुळसुळीत होतो खरा, पण ते तेलकटपण धूळ धरतं आणि काही दिवसांत आधीपेक्षा वाईट. रिळाच्या आत गंज सोडवणारा फवारा मारणं तर त्याहून वाईट. कुलूप लावणारी खिटी आणि तिची इवलीशी प्लॅस्टिकची तरफ कोरड्या चालायला बनवलेल्या असतात. तिथे तेल आणि धूळ यांचा लगदा झाला तर पट्टा मस्त फिरेल, आणि ब्रेक मारल्यावर अडणार नाही.

सहावी: पट्ट्याची तब्येत

धुतलेला पट्टा उजेडात पाहा. इथे जे दिसेल त्यावर पुढचं सगळं ठरतं. पट्टा बोटांत धरून हलकेच वाकवा, म्हणजे कड उघडी पडते. कड केसाळ झाली असेल, धागे तुटून टोकं वर आली असतील, चीर असेल, सिगारेटने जळाल्याचा टिपका असेल, शिलाईचा दोरा सुटला असेल, तर पट्टा बाद. दारात चिमटून कडेला पडलेली खाच याच यादीत. उन्हाने एका बाजूचा रंग उडून पट्टा ताठ, खडखडीत झाला असेल तरीही बाद.

कडीपाशी आणि जिभेपाशी, म्हणजे पट्टा लावून बसल्यावर जिथे येतो तिथे, चकाकणारा, वितळल्यासारखा डाग दिसतो का बघा. कडीच्या किंवा जिभेच्या प्लॅस्टिकवर रेघोट्या उमटल्यात का तेही. या खुणा पट्ट्याने एकदा अपघाताचा भार खाल्ल्याच्या. काही गाड्यांत खालच्या टोकापाशी शिवलेली घडी असते. भार आला की शिलाई फाटते आणि आत लपलेली 'बेल्ट बदला' अशी चिठ्ठी बाहेर येते. जुनी गाडी विकत घेताना मी इंजिनाआधी ही जागा बघतो, कारण इंजिनाबद्दल विकणारा काहीही सांगेल, घडी खोटं बोलत नाही.

बॅटरी सीटमागे किंवा डिकीत असलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट बघा. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांत तर 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे जमिनीखाली असत. बॅटरीचं अॅसिड पट्ट्यावर उडालं असेल तर पट्टा धड दिसला तरी ठेवू नका.

बाद पट्टा शिवून घेता येतो का? शिंप्याकडे, चांभाराकडे, घरच्या मशिनवर: नाही. या शिलाईचा दोरा, नमुना आणि टाक्यांची संख्या ठरवून भाराखाली तपासलेली असते. जुन्या, सुटे भाग न मिळणाऱ्या गाड्यांसाठी पट्टा बदलून देणारे आणि त्याचं प्रमाणपत्र देणारे व्यावसायिक असतात, त्यांच्याकडेच द्या.

सातवी: बकल

बकलचं तोंड खाली करून ठोका, व्हॅक्यूम लावा. नाणं, खाऊचे कण, टपाच्या शिवणीतले धागे असं काहीही निघतं. जीभ बसताना एकच स्वच्छ खटका ऐकू यायला हवा आणि ओढून सुटायला नको. कधी बसते कधी नाही, अशी अवस्था असेल तर बकल बदला. आत तेल घालू नका. बकल पोलादी दोरीवर उभं असेल तर दोरीचं आवरण चिरलंय का, आत गंज आहे का पाहा.

फक्त बेल्टचा दिवा जात नसेल तर सीट पुढे-मागे करून बघा. सीट सरकताना दिवा लुकलुकला तर सीटखालची वायर घासली आहे किंवा जोड सैल झालाय. तो जोड चाचपायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: त्याचा रंग. पिवळा जोड किंवा पिवळं आवरण असलेली वायर एअरबॅग आणि प्रीटेन्शनरची असते. प्रीटेन्शनर म्हणजे अपघाताच्या क्षणी स्फोटकाच्या छोट्या भाराने पट्टा आवळणारं यंत्र. ते रिळात असतं किंवा बकलच्या बुडाशी. त्या वायरीला मल्टिमीटर लावायचा नाही. मीटरचा क्षीण प्रवाहसुद्धा ते उडवू शकतो. एका बाजूचं बकल दुसरीपेक्षा खाली ओढलेलं दिसलं तर ते आधीच उडून गेलंय असं समजा, आणि थांबा.

आठवी: पाणी कुठून येतंय

कुबट वास किंवा गंज असेल तर नवीन रीळ घातलं तरी तेही खराब होईल. कापडी टपाच्या गाडीत टप जिथे मागे बॉडीला मिळतो तिथल्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायची भोकं असतात. पालापाचोळा आणि धूळ यांनी ती बुजली की पाणी भरून सीटमागे उतरतं, म्हणजे नेमकं रिळाच्या अंगावर. एक पेला पाणी हळूहळू सोडा आणि ते गाडीखालून पडतंय का बघा. पडत नसेल तर नायलॉनची मऊ दोरी घालून मोकळं करा. तार खुपसू नका, आतली नळी फाटते आणि मग गळती शोधत बसावं लागतं. कार्पेटखालचा फोम हाताने दाबा. वरून कोरडं आणि खाली थबथबीत हे नेहमीचं.

रिळाच्या पत्र्यावर नुसती तांबूस छटा असेल तर पाणी थांबवून वाळू द्या आणि पुन्हा तपासा. पापुद्रे सुटत असतील तर रीळ बदला.

नववी: रिळाचा कोन

आता आवरण उघडायला लागतं. गाडीत प्रीटेन्शनर असेल तर इग्निशन बंद करून बॅटरीचं ऋण टोक काढा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही काही काळ विजेचा साठा उरतो. मॅन्युअल हाती नसेल तर इथून पुढे जाऊ नका.

रिळाच्या बुडाशी एक खुंटी असते आणि ती बॉडीच्या भोकात बसते. रीळ ठरलेल्या कोनात राहतं ते तिच्यामुळे. कधीतरी कार्पेट बदलताना, स्पीकर बसवताना, वेल्डिंग करताना कुणीतरी रीळ काढून घाईत परत बसवतो, खुंटी भोकाबाहेर राहते, आणि रीळ थोडं फिरलेलं. वर सांगितलेला 12 अंशांचा हिशेब इथे लागू होतो: रीळ मुळातच दहाएक अंश कललेलं असेल तर जरासा चढ आला की पट्टा अडू शकतो. तक्रार 'कधी अडतो, कधी नाही' अशी असेल आणि ती आतलं काम झाल्यानंतर सुरू झाली असेल, तर आधी इथे बघा.

रीळ हातात घेतल्यावर पट्टा बाहेर येत नाही, हे पाहून घाबरू नका. हातात ते कललेलं असतं आणि म्हणून अडलेलं. गाडीत ज्या कोनात बसतं त्या कोनात धरा, पट्टा येईल. नवीन रीळ 'खराब आलं' म्हणून परत पाठवली जातात त्यामागे बहुतांशी हेच.

आणि रिळाच्या कडेची प्लॅस्टिकची टोपी कधीही उघडू नका. आत ताणलेली स्प्रिंग असते; टोपी सुटली की ती बाहेर उसळते, हात फाडते, आणि पुन्हा तितकेच वेढे देऊन बसवणं घरी होत नाही. दुसऱ्या बाजूची टोपीही नाही, तिथे गोळा आणि खिटी असते. स्प्रिंग थकली असं चौथ्या तपासणीत ठरलं असेल तर रीळ बदलायचं, उघडायचं नाही.

संच बदलताना

एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल, गाडीत प्रीटेन्शनर असेल आणि ते काम आधी केलेलं नसेल, गाडीला अपघात झालेला असेल, बोल्टभोवतीचा पत्रा गंजला असेल किंवा बोल्टबरोबर आतलं नटच फिरू लागलं असेल, तर काम प्रशिक्षित माणसाकडे द्या. शेवटच्या दोन गोष्टी पट्ट्याच्या नसून बॉडीच्या आहेत. कुजलेल्या पत्र्याला नवा कोरा बेल्ट बांधून उपयोग नाही. तिथे वेल्डर लागतो, आणि तोही असं काम जाणणारा.

प्रीटेन्शनर नसलेल्या साध्या पट्ट्यांचं काम मात्र घरी होण्यासारखं आहे. भाग घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बाजू तिन्ही जुळवा. डावं आणि उजवं रीळ सारखं दिसतं, पण कोन उलटा असतो, एकाचं दुसऱ्या बाजूला चालत नाही. पट्ट्याच्या खालच्या टोकाशी शिवलेल्या चिठ्ठीवर बनवल्याची तारीख असते, ती वाचा. भंगारातून काढलेला पट्टा मी घेत नाही, कारण ती गाडी भंगारात का गेली हे तो पट्टा सांगत नाही.

बोल्टबद्दल थोडं जास्त. सीट बेल्टच्या बोल्टचे आटे सहसा 7/16 इंच, इंचाला 20, युएनएफ (इंची मापाचे बारीक आटे) असतात, बाकी गाडी पूर्ण मेट्रिक असली तरी. 10 मिलिमीटरचा बोल्ट त्यात ढिला राहतो, 12 चा जबरीने घातला तर आटे मारतो. मूळ बोल्ट हरवला तर सीट बेल्टचा म्हणून मिळणाराच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट त्या भाराला बनवलेला नसतो.

काढायच्या आधी प्रत्येक टोकाचा फोटो घ्या: वॉशर, स्पेसर, लाटदार वॉशर कुठल्या क्रमाने आहेत. क्रम चुकला तर पट्ट्याच्या टोकाची धातूची पाटी बोल्टखाली आवळली जाते आणि फिरत नाही. ती घट्ट बोल्टवरही मोकळी फिरायला हवी, नाहीतर पट्टा कडेवर ओढला जाऊन कातरतो. खालच्या बोल्टचं टोक गाडीखाली उघडं असेल तर फिरवण्याआधी तिथून तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल सोडा आणि थांबा. गंजलेलं टोक तसंच वर ओढलं तर नटाचे आटे सोबत घेऊन येतं. तेल पट्ट्यावर पडू देऊ नका.

बसवताना पट्टा आधी आवरणाच्या फटीतून ओवा, मग बोल्ट. हे उलटं करून दोनदा काम करणारे पुष्कळ. रिळाची खुंटी भोकात बसली ना, हे बोटाने चाचपा. सगळे बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवा, पट्ट्यात पीळ नाही याची खात्री करा आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळा. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. 'हाताला घट्ट लागला' हे माप इथे चालत नाही.

जुन्या गाड्या आणि शर्यतीचे पट्टे

व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा 1959 चा, आणि आपोआप गुंडाळणारं रीळ सरसकट यायला त्यानंतर बराच काळ गेला. त्या काळातल्या लहान स्पोर्ट्स गाड्यांत रीळ नसलेले, हाताने लांबी जुळवायचे पट्टे असतात. त्यांच्या जागी रिळाचा संच बसवता येतो, पण रीळ कुठल्या कोनात बसणार हे आधी मोजा. उभ्या पत्र्यासाठी बनवलेलं रीळ आडव्या पत्र्यावर लावलं तर ते जन्मभर अडलेलंच राहील. आणि बोल्ट फक्त गाडीत मुळात असलेल्या मजबूत जागीच. नवीन भोक पाडून साध्या वॉशरवर भरवसा ठेवू नका.

चार टोकांचे शर्यतीचे पट्टे दिसायला रुबाबदार असतात. रोजच्या रस्त्यावर मी ते सुचवत नाही. मांड्यांमधला पट्टा नसेल तर धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून घसरू शकतो. खांद्याचे पट्टे सीटमागे सरळ जमिनीला बांधले तर धडकेत पाठीचा कणा खाली दाबला जातो. उघड्या गाडीत मजबूत रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान) नसताना तर ते नकोच, कारण गाडी उलटली तर हे पट्टे माणसाला ताठ बसवून ठेवतात आणि वर काहीच नसतं. शर्यतीत वापरणार असाल तर एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चिठ्ठीवर छापलेलं मुदतीचं वर्ष बघा.

बसवल्यावरची चाचणी

पट्टा हळू पूर्ण ओढा आणि सोडा. हात न लावता तो आत जायला हवा. मग झटका द्या. झटक्याची सोय असलेलं रीळ अडलं पाहिजे. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे करून, टप असेल तर उघडून-मिटून, दार लावून बघा, पट्टा कुठे चिमटत नाही ना. त्यानंतर मोकळ्या, बंद आवारात, पट्टा लावून, ताशी 15 किलोमीटरच्या आसपास वेगात कच्चकन ब्रेक दाबा. पट्टा छातीवर अडला पाहिजे. नुसता गोळा असलेल्या जुन्या रिळाची खरी परीक्षा हीच. शेजारच्या सीटसाठी माणूस बसवून पुन्हा करा. अडला नाही तर गाडी रस्त्यावर काढू नका.

काढलेला जुना पट्टा टाकण्याआधी कात्रीने मधून कापा, म्हणजे तो कुणाच्या दुसऱ्या गाडीत जाणार नाही. त्यात न उडालेला प्रीटेन्शनर असेल तर कापूही नका आणि कचऱ्यातही टाकू नका. जिथून नवा बसवून घेतला त्या गॅरेजला तो रीतसर निकामी करायला द्या.